ब्रेकवरचा पाय

मंगळवारची सकाळ होती. मीनाने भाकरी तव्यावरून काढून थेट आचेवर टाकली होती आणि ती टम्म फुगायच्या बेतात होती, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

दूधवाला कडी वाजवत नाही, हाक मारतो. शेजारची स्नेहल तर सरळ ओट्यापाशी येऊन उभी राहते आणि मग विचारते, येऊ का म्हणून. म्हसरूळच्या त्या गल्लीत कडी वाजवून येणारा माणूस म्हणजे एक तर मीटर बघणारा, नाही तर आपण यावं की नाही याची ज्याची त्यालाच खात्री नाही असा कुणीतरी. मीनाने गॅस बंद केला, गाऊनवर ओढणी घेतली आणि पिठाच्या हातानेच बाहेर आली.

फाटकापलीकडे प्रफुल्ल उभा होता. मागे त्याची पांढरी पिकअप, आणि केबिनमध्ये मांडीवर नारळाची पिशवी धरून बसलेली त्याची आई, कुसाबाई.

"वहिनी, झुंबरभाऊ आहेत का?"

मीनाने त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "का? त्यांच्या पायाशी फेकायचं अजून काही राहिलंय?"

प्रफुल्लने मान खाली घातली. टोमणा बरोबर जागी बसला, हे पाहून मीनाला सकाळी सकाळी गोड काहीतरी तोंडात टाकल्यासारखं वाटलं.

त्याचं असं होतं. झुंबर म्हणजे मीनाचा नवरा. दिंडोरी रोडला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. मोठं नव्हतं, पण मार्केट यार्डात टोमॅटो, भाजी घेऊन येणाऱ्या पिकअपवाल्यांचं ते घरचं गॅरेज. त्यातला स्वतःच्या मळ्यातले टोमॅटो आणणारा प्रफुल्ल तर रोजचा. एकदा झुंबरने त्याच्या गाडीला नवी क्लचप्लेट बसवली आणि पंधरवड्यात ती जळाली. प्रफुल्लने ती खोलून घेतली, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर आला आणि सगळे ड्रायव्हर बसलेले असताना ती काळी प्लेट झुंबरच्या पायाशी फेकली.

"बघून घ्या रे. झुंबरची कारागिरी. नवी म्हणून जुनी घासून बसवतो."

झुंबर एवढंच म्हणाला, "मी नवीच बसवली होती." भांडला नाही, ओरडला नाही. न भांडणारा माणूस नाक्यावर खोटाच ठरतो. हळूहळू गाड्या दुसरीकडे वळल्या, गॅरेजचं भाडं जड झालं आणि पत्र्याला कुलूप लागलं. आता तो घरामागच्या पडवीत द्राक्षबागायतदारांचे फवारणीचे पंप दुरुस्त करतो. निफाडकडून, पिंपळगावकडून पंप येतात. चूल थांबली नाही.

पुढे खरं काय ते बाहेर आलंच. प्रफुल्लच्या गाडीवर तेव्हा संतोष नावाचा ड्रायव्हर होता. त्याने घोटीला नवी प्लेट काढून विकली होती आणि तिच्या जागी जुनी बसवली होती. हे मीनाला खुद्द संतोषच्या बायकोने, लताबाईने, पिठाच्या गिरणीत डोळे पुसत सांगितलं. प्रफुल्लने संतोषला हाकलून दिलं. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. पण ज्या टपरीवर तो आधी ओरडला होता, तिथे जाऊन त्यातला एक शब्दही मागे घ्यायला त्याची जीभ उचलली नाही.

गॅरेज गेल्याचं मीनाला वाईट वाटलं. पण तिच्या काळजाला घरं पडली ती दुसऱ्याच गोष्टीने. त्या दिवसापासून झुंबर नाक्यावर चहाला गेला नाही. लग्न होऊन ती निफाडहून या घरात आली तेव्हापासून पाहत होती, काम आटोपलं की हा माणूस हात धुऊन, केसांवर ओला हात फिरवून नाक्यावर जायचा आणि हसत परत यायचा. तिथे काय एवढं हसण्यासारखं असतं, म्हणून ती चिडवायचीसुद्धा. आता तो घरीच चहा घ्यायचा, भिंतीकडे बघत. विचारलं तर म्हणायचा, "नाक्यावरचा चहा फार गोड असतो."

झुंबरने राग गिळला. मीनाने मात्र तो सांभाळला, अगदी निगुतीने, दह्याला विरजण राखून ठेवावं तसा. संक्रांतीला हळदीकुंकवाला ती ओळखीतल्या एकूण एक घरी जायची, प्रफुल्लचं घर तेवढं वगळून. त्याच्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली, ती तिने तेलाच्या डब्याखाली घातली, ओघळलेलं तेल टिपायला. टोमॅटोचा भाव पडला की त्या दिवशी तिच्याकडे हमखास शिरा व्हायचा. भाव सगळ्यांचाच पडलेला असे, पण प्रफुल्लचाही पडला, हे महत्त्वाचं. झुंबर मुकाट्याने शिरा खायचा आणि म्हणायचा, "सोड ना आता." ती म्हणायची, "तुम्ही सोडा. मी धरून बसते. घरात एकाने तरी धरायला हवं."

आणि आज तोच माणूस तिच्या फाटकात उभा होता.

आवाज ऐकून झुंबर मागून आला. हाताला ग्रीस, कानावर चष्म्याची दोरी. त्याने प्रफुल्लला पाहिलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ये रे आत. काय झालं?"

मीनाच्या मनात आलं, असा कसा हा माणूस!

"गाडी त्रास देते भाऊ," प्रफुल्ल म्हणाला. "चालताना काही नाही, मस्त पळते. थांबली की आयडल पडतं, इंजिनाचा वेग एकदम खाली जातो. थरथरते, आचके देते, कधी बंदच पडते. आत्ता सिग्नलला दोनदा बंद पडली. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव खातायत. आईला देवीच्या गडावर न्यायचंय, नवस फेडायला."

"कुणाला दाखवलीस का?"

"कुणाला नाही ते विचारा. प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला, सीएनजीचं किट दोन ठिकाणी ट्यून केलं. गॅरेजमध्ये नेली की शहाणी! कुणाच्या दारात एक आचका देईल तर शपथ."

"तर काय," कुसाबाई केबिनमधून म्हणाली. "मीच म्हनले त्याला, झुंबरकडं ने. लाज वाटत आसंल तर मी बोलते, पन तिथंच ने."

मीना आत गेली आणि पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली. ते तिने कुसाबाईला दिलं. "घ्या मावशी. चहा टाकते तुमच्यापुरता." प्रफुल्लही तिथेच उभा होता, उन्हातून आलेला, घामाघूम. दारी आलेल्याला पाणी न विचारणं तिच्या माहेरी कधी घडलं नव्हतं आणि सासरीही नाही. तिने रिकामं भांडं उचललं आणि त्याच्या अंगावरून आत नेलं. कुसाबाईच्या ते लक्षात आलं. ती लेकाकडे बघून नुसती "हं" म्हणाली.

झुंबरने प्रफुल्लला गाडी अंगणात घ्यायला लावली. आपल्याकडे मिस्त्री लोकांची एक रीत आहे. गाडी तपासायची म्हटली की आधी मागच्या चाकाला दगड लावायचा, कारण हँडब्रेकवर कुणाचाच भरवसा नसतो. दगड लागला की गियर काढायचा, इंजिन चालू ठेवायचं, ड्रायव्हरने खाली उतरून तंबाखू मळायची आणि मिस्त्रीने बोनेटमध्ये डोकं घालायचं. झुंबरनेही दगड लावला. प्रफुल्ल सवयीने खाली उतरला. इंजिन एका लयीत सुरू होतं, कुठे खोट म्हणून दिसेना.

"मीना," झुंबरने हाक मारली. "जरा बस गं सीटवर. रेस दे म्हटलं की दे."

हेही जुनंच. गॅरेज होतं तेव्हा ती दुपारी डबा घेऊन जायची आणि झुंबर जेवायच्या आधी तिला एखाद्या गाडीत बसवायचा. रेस दे, सोड, क्लच दाब, थोडा सोड. मग जेवताना तो सांगायचा, गाडीला काय झालं होतं ते. वरणभाताबरोबर तिने कार्बोरेटरही खाल्ला आणि डायनॅमोही. त्यामुळे भागांची नावं तिची मागेपुढे व्हायची, पण इंजिन काय म्हणतंय ते तळपायातून बरोबर वर यायचं.

तिला बसायचं नव्हतं. पण कुसाबाई शेजारी सरकली आणि म्हणाली, "ये पोरी." मग ती बसली. रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. इंजिन गरगर वर जाई आणि सावकाश खाली येऊन स्थिरावे.

"काहीच नाही रे इथं," झुंबर म्हणाला. "थांब, एक नळी तपासतो. पक्कड आणतो आतून." तो मागे गेला. प्रफुल्लचा फोन वाजला म्हणून तो फाटकापाशी जाऊन बोलायला लागला. कुसाबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.

मीना सीटवर नुसती बसून होती. खिडकीबाहेर स्नेहलचं मांजर गाडीखाली शिरू पाहत होतं. गाडी हलायची नाही, चाकाला दगड आहे, हे तिला ठाऊक होतं, तरी पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि तिने तो दाबला.

पायाजवळून सूं असा आवाज आला, बारीक, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. इंजिन एकदम खाली बसलं. स्टिअरिंग थरथरलं, मांडीखालची सीट धडधडली, एक आचका, दुसरा आचका. तिने पाय उचलला. इंजिन सावरलं. पुन्हा दाबला. पुन्हा सूं, पुन्हा धडधड. आणि पेडल कसं, तर दगडावर पाय ठेवावा तसं.

तिला कळलं. कळवणच्या एका जीपला असंच झालं होतं. तेव्हा झुंबरने जेवताना सांगितलं होतं, "ब्रेकला जोर इंजिन देतं गं. पेडलमागे बूस्टरचा डबा असतो, त्यातली हवा इंजिन ओढून घेतं, म्हणून आपल्याला पाय हलका लागतो. आतला रबरी पडदा फाटला की ब्रेक दाबताना बाहेरची हवा इंजिनात घुसते. इंजिनाचा ठेका चुकतो आणि ब्रेक होतो जड. उतारावर असं झालं, तर माणूस पेडलवर उभाच राहतो बिचारा."

म्हणजे सिग्नलला गाडी बंद पडत होती ती थांबली म्हणून नव्हे, तर प्रफुल्लचा पाय ब्रेकवर होता म्हणून. आणि प्रत्येक गॅरेजवाला चाकाला दगड लावून तपासत होता. कुणाचा पाय ब्रेकवर जाणार कसा?

झुंबर पक्कड घेऊन आला. "काही दिसलं का?"

मीनाने काचेतून फाटकाकडे पाहिलं. प्रफुल्ल फोनवर हसत होता. "निघतोच. हो हो, गाडी बरी आहे. झुंबर बघतोय ना, आपलाच माणूस आहे."

आपलाच माणूस.

"नाही," मीना म्हणाली. "काही नाही."

ती खाली उतरली. झुंबरने एकदोन नळ्या हलवून पाहिल्या, आयडल जरा वर चढवून दिलं आणि बोनेट लावलं. "आजच्यापुरतं चालेल बघ. गडावरून आलास की निवांत सोड माझ्याकडे."

"काय द्यायचं भाऊ?"

"राहू दे. देवीला चाललायस."

प्रफुल्लचा चेहरा खुलला. एवढ्यावर तो गेला असता तर कदाचित पुढचं सगळं निराळं झालं असतं. पण त्याने जाता जाता मीनाकडे वळून म्हटलं, "वहिनी, जुनं मनात धरू नका. धंद्यात होतं असं कधी कधी."

होतं असं. जसं दूध उतू जातं, जसा पापड मोडतो.

मीनाने मान हलवली. "या जाऊन," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज किती गोड निघाला याचं तिला नवल वाटलं. तिच्या डोळ्यांपुढे नांदुरीहून वर चढणारा गडाचा घाट उभा राहिला. वर जाताना काही नाही. उतरताना वळणं. समोरून एसटी. प्रफुल्लचा पाय पेडलवर, घट्ट, आणखी घट्ट. तेव्हा आठवेल का त्याला ती काळी प्लेट? आठवू दे. एकदा, फक्त एकदा त्याला कळू दे, पायाखालची जमीन जाते म्हणजे काय होतं ते. हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. तिने ते पुरतं पाहिलं, शेवटच्या वळणापर्यंत पाहिलं, आणि तिला ते आवडलं.

प्रफुल्लने चावी फिरवली. कुसाबाईने खिडकीतून हात बाहेर काढला. "येताना परसाद देते गं पोरी. तुला लय आवडतो ना पेढा."

झुंबर वाकून चाकाचा दगड काढत होता. त्याच्या पाठीवर ग्रीसचा जुना डाग होता, धुऊन धुऊन फिकट झालेला. आणि त्या पाठीकडे बघता बघता मीनाला दुसरं चित्र दिसलं. नाका, टपरी, आणि ड्रायव्हर लोक आपसात बोलताहेत, शेवटचा हात कुणाचा लागला होता गाडीला? झुंबरचा. सकाळीच त्याच्या दारात उभी होती म्हणे. मागं प्लेटीत फसवलं, आता बघा. मग या माणसाने जन्मात कधी नाक्याकडे तोंड करायचं नाही.

आणि दरीत पडलेला प्रफुल्ल तर काहीच बोलणार नाही. इतकी वर्षं तिने जे राखून ठेवलं होतं, त्याची भरपाई त्याच्या मरण्यात नव्हती. ती त्याच्या जिभेवर होती. तो जिवंत हवा होता, धडधाकट, चार माणसांत उभा राहून बोलण्याएवढा.

"थांबा!" ती ओरडली. "अहो, दगड तिथंच टाका बाजूला. परत लावू नका. प्रफुल्लभाऊ, ब्रेक दाबा."

"काय?"

"उतरू नका. बसल्या जागी ब्रेक दाबा. जोरात."

त्याने दाबला. गाडी थरथरली, इंजिन खाली गेलं, खोकलं आणि बंद पडलं.

झुंबर ताठ उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मीनाने फार दिवसांत पाहिलं नव्हतं. "पुन्हा चालू कर," तो म्हणाला. "आता सोड. दाब. सोड. दाबून धर." त्याने बोनेट उघडलं, इंजिनातून बूस्टरकडे जाणारी नळी पकडीने चिमटली. प्रफुल्लचा पाय ब्रेकवरच होता, तरी इंजिन शांत, एका लयीत. पक्कड सोडली, की धडधड सुरू.

"बूस्टर गेलाय," झुंबर म्हणाला. "पेडल जड लागत नव्हतं तुला?"

"लागायचं जरा. म्हटलं, पॅड घासले असतील." प्रफुल्ल म्हणाला. "मी सगळ्यांना इंजिनाचंच सांगत राहिलो."

"तुमच्याच पायाखाली होतं, भाऊ," मीना म्हणाली. "तुम्ही मात्र दुसऱ्यांचे हात तपासत फिरलात."

कुसाबाईने पिशवी छातीशी धरली. "झुंबर, म्हंजे गडावरनं उतरताना..."

"ब्रेक लागला असता मावशी, पण सगळा जीव लावून. आणि वळणावर तेवढा वेळ मिळेलच असं नाही. ही गाडी आता इथून हलणार नाही."

झुंबरने पक्कड पुसली आणि मीनाकडे पाहिलं. "तुला कधी कळलं गं?"

"मघाशी."

"मघाशी म्हणजे?"

"तुम्ही आत गेला होतात तेव्हा."

त्यानंतर तिने 'काही नाही' म्हटलं होतं, 'या जाऊन'ही म्हटलं होतं. दोन्ही त्याने ऐकलं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. मीनाने नजर वळवली नाही. तिला लाजही वाटली नाही. शेवटी तोच म्हणाला, "बरं झालं बोललीस."

प्रफुल्ल खाली उतरला होता. "वहिनी, फार उपकार झाले. आईसकट मला..."

"उपकार नाही केले मी तुमच्यावर," मीना म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तुम्ही गेला असतात तर मला रडू आलं नसतं. मावशींसाठी आलं असतं."

"मीना!" झुंबर म्हणाला.

"बोलू दे तिला," कुसाबाई म्हणाली. "तिचं खरं हाय. मला ठाव हाय समदं. त्या संत्यानं प्लेट इकली ते बी ठाव हाय. मी ह्याला म्हनले व्हते, जाऊन सांग. ह्यो म्हनतो, आता कशाला जुनं उकरायचं." तिने लेकाकडे पाहिलं. "जुनं व्हय? ह्या मान्साचं ग्यारेज गेलं, ते जुनं व्हय रं?"

प्रफुल्ल झुंबरकडे वळला, तर झुंबर बोनेट लावण्यात गुंतलेला. लावून झालेलं बोनेट तो पुन्हा दाबून पाहत होता.

"वहिनी, तुम्ही म्हणाल ते करतो," प्रफुल्ल म्हणाला. "म्हणाल तर गॅरेज परत उभं करून देतो. खरंच."

मीनाला हसू आलं. हेच तर ती कितीदा मनात रंगवत आली होती, तो हात जोडून उभा आहे आणि ती मागतेय. रंगवताना ती काय काय मागायची. त्याने टपरीपाशी कान धरून उठाबशा काढाव्यात. ती काळी प्लेट गळ्यात घालून यार्डभर फिरावं. आत्ता समोर तो खरोखर उभा होता, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, आणि त्यातलं काहीच तिला नको झालं. राग गेला नव्हता. तो होता तिथेच होता, तिच्या हाताशी. फक्त त्याला नेमकं काय हवंय, ते आता कळलं होतं.

"गॅरेजचं आमचं आम्ही बघू," ती म्हणाली. "मावशींना गडावर न्यायला दुसरी गाडी लागेल तुम्हाला. ती नाक्यावरच मिळणार ना?"

"हो. तिथूनच बघतो कुणाची तरी."

"मग तिथं गेलात की गाडी ठरवायच्या आधी एवढं करा. टपरीवर जे कुणी बसले असतील, त्यांना सांगा की झुंबरने नवीच प्लेट बसवली होती."